ठोका

प्रतिक्षाने डोळे न उघडताच पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच थबकला. गाऊनचं कापड कोमट लागत होतं. घामाने नव्हे, घाम पाठीला होता, मानेखाली होता. ही ऊब वेगळी होती. कुणीतरी तिथे बराच वेळ गाल टेकून पडून राहावं आणि नुकतंच उठून जावं, तशी.

तिने डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतला कूलर घरघरत होता. दार लोटलेलं होतं, ती झोपली तेव्हा होतं तसंच. की थोडं जास्त उघडं होतं? तिला आठवेना. कुशीवर वळून, कॉटचा आधार घेत ती उठली आणि उजेडात जाऊन तिने गाऊन ताणून धरला. बेंबीच्या डाव्या अंगाला तेलाचा पुसट डाग होता. डोक्याला तेल लावणं तिने केव्हाच सोडलं होतं. दिवस गेल्यापासून तेलाच्या वासानेच तिला मळमळायचं.

खाली टीव्ही नेहमीसारखा मोठ्याने चालू होता. भिंतीला धरून ती एकेक पायरी उतरली. विठाबाई, तिच्या सासूबाई, भिंतीला टेकून गादीवर पाय पसरून बसल्या होत्या. टीव्हीवर कुणीतरी रडत होतं आणि विठाबाई पदराने वारा घेत होत्या.

"आत्या, वर कुणी आलं होतं का?"

"आं?"

प्रतिक्षा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "वर खोलीत. कुणी आलं होतं?"

"कोन येतंय दुपारचं? ऊन बघितलंस का भायेरचं?" विठाबाईंनी तिच्याकडे, मग तिच्या पोटाकडे पाहिलं. "च्या ठेवू का?"

प्रतिक्षाने मान हलवली. विठाबाईंना ऐकू कमी यायचं. टॉवेलच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात बसून सुताच्या कांड्या भरण्यात त्यांची सगळी उमेद गेली होती आणि उमेदीबरोबर कानही. आता गुडघेही गेले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रतिक्षाने त्यांना जिना चढताना कधीच पाहिलं नव्हतं.

चहा होईपर्यंत ती तिथेच बसली. समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्यांच्याखाली चैतालीचा फोटो. यशपालची मोठी बहीण. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला असावा. चापूनचोपून तेल लावून घातलेल्या दोन वेण्या खांद्यांवरून पुढे घेतलेल्या, नजर थेट समोर. वरची खोली तिची होती. खिडकीच्या गजावर नेलपॉलिशने लिहिलेलं तिचं नाव अजून पुसलं गेलं नव्हतं. ती आजाराने गेली, एवढंच प्रतिक्षाला सांगितलेलं होतं, आणि घरात तिचा विषय निघत नसे.

त्या दिवशी प्रतिक्षाने तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली.

यशपाल अकलूजला एका डेअरीत नोकरीला होता. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचा. संध्याकाळी तिने त्याला फोनवर सांगितलं. डागाचं सांगितलं, उबेचं सांगितलं नाही. ते कसं सांगायचं तिला कळेना.

"दुपारी एकटी पडतेस ना, म्हणून असं वाटतं," तो म्हणाला. "आपण असलं काही मानत नाही, प्रतिक्षा."

"मी भूत म्हटलं का?"

"मग काय म्हणतेस?"

रजेवर जाईपर्यंत ती एका खाजगी शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होती. अंगात येणं, करणी, उतारा, यांवर मुलांशी वाद घालून तिने त्यांना निरुत्तर केलेलं होतं. आता तीच स्वतःच्या खोलीत पाऊल टाकताना आधी दाराआड पाहायची.

भीती तशी या डागाच्याही आधीची होती. पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी बाथरूमला जातानाही तिचा जीव मुठीत असायचा. आई असती तर ती जेऊरला, माहेरी गेली असती. पण आई नव्हती. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील, रावसाहेब, तिथे एकटेच असत. रोज सकाळी फोन करून ते विचारत, "जेवलीस का?" सकाळीसुद्धा हेच विचारत. याहून वेगळं काय विचारायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ती म्हणायची, "जेवले, दादा."

आठवड्याने शेजारच्या दानम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या. विठाबाई दळण आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. दानम्मा उंबऱ्यातच टेकल्या.

"वरच्याच खोलीत झोपतीस व्हय अजून?"

"हो. कूलर तिथेच आहे ना."

"चैताली बी तितंच झोपायची की. शेवटी शेवटी खाली उतरनं बी व्हईना तिला."

"फार आजारी होत्या का?"

"आजारी?" दानम्मांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "बाळंतपनाला आलेली पोर ती. आठवा लागला हुता. तुला कुनी सांगितलं न्हाय?"

प्रतिक्षाचा हात डब्याच्या झाकणावर होता. झाकण उघडत नव्हतं की तीच उघडत नव्हती, तिला कळलं नाही.

"माज्या तोंडाला कायच धरबंद न्हाय बघ," दानम्मा उठत म्हणाल्या. "खा तू. चटनी ताजी हाय."

रात्री तिने यशपालला सरळच विचारलं.

"तुला घाबरवायचं नव्हतं," तो म्हणाला. "बाळ पोटातच गेलं. मग तिच्या अंगात विष पसरलं. मी तेव्हा पुण्यात होतो, परीक्षेची तयारी करत होतो. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं."

"कसं गेलं बाळ?"

"आई कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही."

त्यानंतर दुपारी झोपायचं नाही, असं तिने ठरवलं. पण आठव्या महिन्यातली झोप विचारून येत नाही. जेवण झालं की अंग शिशासारखं जड व्हायचं. एकदा ती खालीच आडवी झाली, तर टीव्हीच्या दणक्याने आणि उकाड्याने डोकं फुटायची वेळ आली. पुन्हा वर आली. दाराला आतून कडी लागत नव्हती. लाकूड फुगून कोयंडा केव्हाच निखळला होता. तिने प्लॅस्टिकची खुर्ची दाराला लावून ठेवली आणि खुर्चीकडे पाहत पडून राहिली.

जाग आली तेव्हा खुर्ची भिंतीशी होती. सरकलेली नव्हे. कुणीतरी उचलून नीट बाजूला ठेवावी तशी, पाठ भिंतीला लावून. आणि पोटावर ती ऊब.

हे तिने यशपालला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. आरशासमोर उभी राहिली की तिला आपल्या खांद्यामागे दोन वेण्या दिसतील असं वाटायचं, आणि दिसत नाहीत म्हणून ती पुन्हा पाहायची. जी आपलं बाळ पाहू शकली नाही, ती दुसरीचं पाहायला येते, एवढाच विचार असता तर तो तिने कसाबसा पचवला असता. पण ती नुसती पाहायला येते की न्यायला, हा पुढचा विचार दुपार होत आली की येऊन बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचालीकडे लक्ष देत जा. ती डाव्या कुशीवरच पडायची. लक्ष मात्र दाराकडे असायचं.

मे संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. गल्लीतली कुत्रीही गटाराच्या कडेच्या सावलीत जीभ टाकून पडली होती. प्रतिक्षा वर येऊन आडवी झाली, तिचा डोळा लागतो न लागतो तोच वीज गेली.

कूलर घरघरत, मंदावत थांबला. खालचा टीव्ही एका शब्दाच्या मधोमध तुटला. शेजारच्या घरातले पंखे, पलीकडच्या गिरणीचा पट्टा, सगळं एकदम गप्प झालं. इतकी शांतता तिने या घरात कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत जिन्यावर काहीतरी होतं.

आधी तिला वाटलं, मांजर असेल. मग तो आवाज पुन्हा आला. काहीतरी मऊ, वजनदार, पायरीवर टेकलं. मग ओढल्याचा, घासल्याचा आवाज. मग थांबा. मग श्वास. हा श्वास मांजराचा नव्हता. पुन्हा टेकणं, पुन्हा घासणं. ते वर येत होतं, पण चालत येत नव्हतं.

ओरडावं असं तिला वाटलं. आत्यांना हाक मारावी, असंही वाटलं. पण आत्यांना ऐकू गेलं नसतं. ती डाव्या कुशीवर होती तशीच राहिली. पापण्या मिटल्या, पण पूर्ण नाही.

खुर्ची हलली. दार जमिनीला घासत उघडलं. फटीतून आधी हात आत आला, फरशीवर सपाट टेकलेला. मग दुसरा. मग पांढऱ्या केसांचं, तेल लावून बांधलेलं, खाली वाकलेलं डोकं. विठाबाई गुडघ्यांवर आणि हातांवर, रांगत आत आल्या. त्यांनी अर्धवट उठून खुर्ची उचलली, आवाज होऊ नये म्हणून छातीशी धरली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. आपण जिन्यावर असतानाच वीज गेली, सगळं गप्प आहे, आपला श्वास भात्यासारखा ऐकू येतोय, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं.

मग कॉटला धरून त्या खाली बसल्या. पदर मागे सारून त्यांनी कान प्रतिक्षाच्या पोटावर ठेवला. अगदी हळू, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा.

प्रतिक्षाला फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. तिच्या अंगातली भीती एकदम गळून पडली, पण तिच्या जागी हायसं वाटणं आलं नाही. कारण विठाबाई उठत नव्हत्या. त्यांनी कान थोडा सरकवला. पुन्हा सरकवला. त्यांची बोटं गादीत रुतत चालली होती.

"आत्या," ती म्हणाली.

विठाबाईंना ऐकू गेलं नाही. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

विठाबाईंनी दचकून मान वर केली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा क्षणभर झाला, पण क्षणभरच. त्यांनी प्रतिक्षाचं मनगट धरलं.

"ठोका हाय," त्या म्हणाल्या. "मला येतोय ऐकू. पन त्यावर जाऊ नगंस. तू सांग. हलतंय का?"

"हलतंय की," प्रतिक्षा म्हणाली, आणि तोंडातून शब्द गेल्यावर तिने आठवायचा प्रयत्न केला. सकाळी अंघोळीच्या वेळी? नाही. नाश्त्यानंतर? काल रात्री फोनवर बोलताना काहीतरी सरकल्यासारखं वाटलं होतं. की ते परवा? गेले कित्येक दिवस ती दाराकडे, आरशाकडे, जिन्याकडे कान लावून होती. जिथे लावायचा तिथे सोडून.

तिने पोट दोन्ही हातांनी दाबलं. थोडं हलवलं. वाट पाहिली.

"आत्या, आठवत नाही मला."

विठाबाई कॉटला धरून उठल्या. "चपला घाल," एवढंच म्हणाल्या.

दानम्मांनी कोपऱ्यावरून रिक्षा आणली. आणताना त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. रस्त्यावर ऊन नुसतं उभं होतं. रिक्षाचा पत्रा तापलेला होता आणि आतून हवा भट्टीसारखी तोंडावर येत होती. प्रतिक्षाने यशपालला फोन लावला, कुठे निघालोय ते सांगितलं, आणि तो काय बोलला ते न ऐकताच ठेवला. विठाबाईंनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.

"रोज येत होता तुम्ही वर?" तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"रोज न्हाय. गुडघं चालले तवा."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं?" विठाबाई बाहेर पाहत होत्या. "तू भ्याली असतीस."

पुढच्या चौकात सिग्नल लागला. रिक्षा थांबली, आणि त्या आपणहून बोलायला लागल्या. आवाज मोठा होता, ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

"चैताली बी अशीच म्हनली. आई, हलत न्हाय गं. मी कान लावला. ठोका हुता. चांगला हुता. सावकाश, एकसारका, मागावानी. म्हनलं, हाय की, झोपलंय ते. तू बी झोप. सकाळी जाऊ." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सकाळी डागदर म्हनला, दोन दिस झाले बाळ जाऊन. खोटं बोलला. मी ऐकला हुता की रात्री. त्येंच्याच हातनं गेलं आनि आळ आदल्या दिसांवर टाकला. मी कुनाला बोलले न्हाय. पन मला ठाव हाय."

सिग्नल सुटला. पोटावरचा हात प्रतिक्षाने हलवला नाही.

दवाखान्यात त्यांना बसवून ठेवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं, झोपवलं, पोटावर गार जेल लावलं आणि छोटं यंत्र टेकवलं. विठाबाई हाकलल्या तरी जाणार नाहीत हे पाहून नर्सने त्यांना पायथ्याशी उभं राहू दिलं.

आधी नुसती खरखर आली. डॉक्टरांनी यंत्र सरकवलं. खरखर. प्रतिक्षाने छताकडे पाहिलं. छताला एक पांढरी ट्यूब होती, तिच्या कडेला मेलेले किडे होते. मग खरखरीच्या आतून एक आवाज वर आला. संथ, जड, एकसारखा.

"हां," विठाबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या दांडीवर पुढे वाकल्या होत्या. "ह्योच. हाय ठोका. मी म्हनलं की."

डॉक्टरांनी भुवया आक्रसल्या आणि यंत्र आणखी खाली नेलं. तो आवाज गेला. पुन्हा खरखर. आणि मग अचानक, अगदी जवळून, दुसराच आवाज खोलीभर पसरला. घाईचा, हलका, कुणीतरी अनवाणी पायांनी अंगणातून पळत सुटावं तसा.

"सापडलं," डॉक्टर हसल्या. "ऐका. मस्त आहेत ठोके. वळलंय जरा, म्हणून हालचाल कळत नसेल. पाणी कमी पडलंय तुम्हाला या उन्हाचं. आज रात्र इथेच थांबा, लक्ष ठेवू."

प्रतिक्षाच्या डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. तिला ते पुसायचं सुचलं नाही.

"हे काय वाजतंय?" विठाबाईंनी विचारलं.

"तुमचं नातवंड, आजी."

"एवढं जलद?"

"एवढंच जलद असतं."

"सावकाश नसतं?" विठाबाईंनी दांडीवर बोट आपटून दाखवलं. खट. खट. खट. "असं? मगाशी वाजलं तसं?"

"नाही हो, आजी. बाळाचे तसे असते तर आम्ही यांना धावत ऑपरेशनला नेलं असतं." डॉक्टर जेल पुसता पुसता सहज बोलत होत्या. "मगाशी वाजलं ते यांचंच. आईचं. पोटाला नुसता कान लावला तर पुष्कळदा तेच ऐकू येतं. नाहीतर मग ऐकणाऱ्याचं स्वतःचंच."

विठाबाईंचं बोट दांडीवर तसंच राहिलं. नर्सने खुर्ची पुढे केली, ती त्यांना दिसली नाही. थोड्या वेळाने त्या वळल्या आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेल्या.

खोली मिळेपर्यंत प्रतिक्षाला बाहेर बसायला सांगितलं. विठाबाई बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली. यशपालचा फोन येऊन गेला होता. तो एसटीत बसला होता. वॉर्डातून कुणाचं तरी नवजात मूल रडत होतं. विठाबाईंना ते ऐकू येत असावं, असं दिसत नव्हतं.

"काय म्हनली ती?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे म्हणाल्या सगळं."

"ते न्हाय. शेवटी काय म्हनली? मला नीट ऐकू न्हाय आलं."

प्रतिक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. खोलीत त्या डॉक्टरांपासून हातभर अंतरावर होत्या आणि डॉक्टर मोठ्याने बोलत होत्या.

"म्हणाल्या, कधी कधी सावकाशही असतं," ती म्हणाली. "एखाद्या बाळाचं."

"व्हय?"

"व्हय, आत्या."

विठाबाईंनी मान हलवली. पण त्या तिच्याकडे पाहत नव्हत्या. मान किंचित कलती करून, डोळे फरशीवर एका जागी लावून, त्या काहीतरी ऐकत होत्या.